नावं ठेवायला

रबाळ्याच्या परमिट रूममध्ये बाहेरची बाटली चालत नाही.
अण्णा म्हणाला, डबा आहे ना, बाटली कुठाय,
आणि एक ग्लास स्वतःसाठी पुढे केला.

तर चार डबे. पेस्लीहून आलेले,
मुलीच्या बॅगेत, लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून.
स्कॉटलंड म्हटल्यावर सगळे सरसावून बसले होते.
मी म्हटलं, व्हिस्की नाही, बिअर आहे,
तिथली साधी, कोपऱ्यावरच्या पबातली, रोजची.
तिथेच निम्म्यांची उतरली, चढायच्या आधी.

पहिला घोट हसुराम मढवीचा.
"मेलेली हाय रं ही. फेस कवा उतरला हिचा?"
त्याच्या खाचरावर आता काचेची इमारत आहे;
मेलेलं काय, ते त्याला लगेच कळतं.

कुरियन, पस्तीस वर्षं बॉयलरवर:
"बंद पाईप उघडला ना, पयला पाणी येतो, तसा."
तरी ग्लास खाली ठेवला नाही.

चाफेकर केमिस्ट ट्यूबलाइटकडे धरून बघत राहिला,
जणू सॅम्पल नापास करायचा पगार अजून चालू आहे.
करपलेला गूळ, म्हणाला. मागून थोडं ओलं पोतं.
आणि ही इतकी थंड प्यायची नसते.
"मग काय, उकळू?" अण्णा.

मढवीचा पुतण्या निकेश डब्यावरचं बारीक अक्षर वाचत होता.
"साडेतीन टक्के? एवढं तर बँक देते, काका."

मग वळण आपल्या बिअरवर आलं, नेहमीसारखं:
ग्लिसरीन असतं, डोकं धरतं, पूर्वीची राहिली नाही.
हे याच टेबलावर, याच शेंगदाण्यांवर, एकवीस वर्षं.

मी काही बोललो नाही.
शर्वरी सांगत होती, तिथेही कुणी हिचं कौतुक करत नाही.
म्हातारे येतात, घोट घेतात, तोंड वाकडं करतात,
पूर्वी बरी होती म्हणतात,
आणि दुसरा ग्लास मागतात.
तुला कसं माहीत, असं मी विचारलं नाही.
सांगताना तिचा हात हवेत ग्लास धरून होता,
बोटं बरोबर जागेवर.

डिसेंबरात चारच्या आत अंधार होतो म्हणे.
वॉर्डातली ड्यूटी संपली की खोलीवर जायच्या आधी
अर्धा तास, खिडकीजवळ.

मी दुसरा घोट घेतला, सावकाश.
कडू म्हणावी तर नाही. गोडही नाही.
कुणाचा तरी भिजलेला कोट वाळत घातलाय
आणि आपण त्याच खोलीत बसलोय, तसं काहीतरी.
समोरच्या खुर्चीत कोण असतं,
ते चवीवरून कळत नाही.

"तुझं काय मत?" चाफेकर.
"बरी आहे," मी म्हटलं. "रोजच्याला बरी आहे."

चौथा डबा फोडायचा की नाही यावर वाद झाला.
सगळे ग्लास तोवर रिकामे होते.