उनचास

स्टेशन तसं गरीबच.
शारजात, खाडीकडेला, गालिच्यांच्या दुकानावर
दोन खोल्या, आणि गच्चीवर एक काठी.
अंधार पडला की पलीकडच्या किनाऱ्यावरची फारसी
समुद्र ओलांडून त्याच्या अंगावर चढायची
आणि गाण्याच्या मधोमध कुणीतरी बातम्या वाचू लागायचं,
न कळणाऱ्या, घाईच्या.
आम्ही काटा आगकाडीने अडवून धरायचो.

आता कुणी विचारतं, काय लागायचं त्यावर?
गाणी लागायची. गाणी सगळीकडेच लागतात.
मला आठवतात हरवलेले पासपोर्ट:
अनंत लक्ष्मण भुवड, जिल्हा रत्नागिरी,
तुझा पासपोर्ट रोला चौकात सापडलाय,
बकालावाल्या कुन्हीमोनकडे आहे,
त्याला चहा पाज आणि घेऊन जा.
कुणाला मुलगी झाली. कुणाची आई गेली,
पण ते सांगायला चालू गाणं तोडत नसत,
संपू देत.
आणि शशिधरनचा मल्याळी तास,
ज्यातलं आम्हाला अक्षर कळत नव्हतं,
तरी तो हसला की सोळा जणांची खोली हसायची.

दुपारी बाराला फरहत आपा.
आज का तापमान,
मग कागद सरकल्याचा आवाज,
उनचास.
जून, उनचास. जुलै, उनचास.
ऑगस्टात शिडीला हात लावला तर कातडी तिथंच राहायची,
तरी उनचास.
कॅम्पात म्हणत, पन्नास झालं की काम बंद ठेवावं लागतं,
म्हणून पन्नास होतच नाही.
खरंखोटं कफील जाणे.
दाभोळचा हसनमियाँ खलफे म्हणायचा,
"आकड्यातच ऊन हाय रे, अजून काय सांगायचं तिनं?"

शोधही त्याचाच.
उनचास म्हटल्यावर आपा कधीकधी खोकायची.
एकदा खोकली तर पन्नास.
दोनदा, एक्कावन्न.
एकदा चार वेळा खोकली,
त्या दिवशी रंगारी मोतीराम परातीवरून उतरला
तो पुन्हा चढलाच नाही. पगार कापून घेतला.
डबे उघडे ठेवून आम्ही बोटं मोजायचो.
भात निवायचा प्रश्नच नव्हता.

मग त्यांचा एसी बिघडला, आणि कंपनीने मला पाठवलं.
काचेपलीकडे ती. साठीची असेल.
अंगावर लोकरी शाल.
शारजात, ऑगस्टात, लोकरी शाल.
गॅस भरला, फिल्टर झटकला,
मूठभर वाळू निघाली.
निघताना राहवलं नाही,
मोडक्या हिंदीत सांगून टाकलं सगळं,
बोटं, चार खोकले, मोतीराम.
ती ऐकत राहिली.
मग म्हणाली, हा वारा थेट गळ्यावर येतो, बेटा.
सोसत नाही.
एवढंच.

मी स्टुलावर चढलो,
पट्ट्या भिंतीकडे वळवल्या,
हलू नयेत म्हणून चिकटपट्टी मारली.
खोलीवर कुणाला बोललो नाही.
काय सांगणार,
दोन वर्षं आपण एका एसीचं ऐकत होतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला
मी ट्रान्झिस्टरकडे पाठ करून बसलो.
कागद सरकला.
उनचास.
मग नुसती खरखर.
खलफेने बोटं उघडली, तशीच धरली.
मी डब्यात लोणचं शोधत होतो,
लोणचं नव्हतंच.

आणि आपा खोकली.
थांबली.
पुन्हा खोकली, या खेपेला सावकाश,
माइकच्या जरा जवळ येऊन.

"एक्कावन्न," खलफे म्हणाला
आणि टॉवेल भिजवायला उठला.