पितळ उघडं पडण्याविषयी

अ‍ॅटरक्लिफच्या भंगार यार्डात माझं टेबल
वजनकाट्याशेजारी, पत्र्याच्या शेडखाली.
हातात एक बंदूक असते, हेअर ड्रायरसारखी दिसते.
धातूला टेकवायची, खटका दाबायचा,
तीन सेकंद श्वास धरायचा,
मग तो आपली जात सांगतो, टक्क्यांत.

लोक मात्र नावं घेऊन येतात.
टिनचा डबा म्हणतात, तो असतो पोलादी पत्रा,
वरून कथलाचा नुसता हात फिरवलेला.
तांब्याचे पेन्स म्हणतात,
ते चुंबकाला मुंग्यांसारखे चिकटतात.
स्टेनलेसला चुंबक ओढत नाही, लाव पैज,
म्हणणारा मॅल्कम ड्रॅबल
चुंबकाला लटकलेला स्वतःचा सुरा बघून
बराच वेळ पावसाकडे तोंड करून उभा राहिला.

हसू कशी?
आमच्याकडे तांब्या स्टीलचा असतो.
शिसपेन्सिलीत शिसं नसतं.
अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला काकू जर्मनचं म्हणायची,
ते आलेलं जयसिंगपूरच्या बाजारातून.
माझं माहेरचं आडनाव कासार,
म्हणजे काशाचं घडवणारे.
आजोबा काचेच्या बांगड्या भरायचे.

मंगळवारी मिसेस स्टॅनिफोर्थ आल्या.
को-ऑपच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेली
चहाची किटली.
"विल्फची. निवृत्त झाला तेव्हा कंपनीने दिली. चांदीची."
बुडाशी चार अक्षरं ठोकलेली होती,
ती वाचता येणाऱ्याला बंदूक लागत नाही.
तरी मी टेकवली, कडेला, जिथे आतलं दिसत होतं.
तांबं बासष्ट. जस्त वीस. निकेल अठरा.
जर्मन सिल्व्हर.
चांदी औषधालाही नाही.

म्हणजे पितळच, निकेलने गोरं केलेलं.
आणि निकेल हे तरी कुणाचं नाव?
तांब्यासारखा दिसणारा दगड भट्टीत तांबं देईना,
तेव्हा खाणकामगारांनी त्याला
खाणीतल्या खोडकर भुताचं नाव दिलं.
आमच्याकडे सापडता तर
पोरं शाळेत पाठ करत बसली असती:
लोखंड, कोबाल्ट, मुंजा, तांबं.
कोबाल्टही भूतच म्हणा. एकाच पिंपळावरचे दोघे.

हे सगळं मी मनात बोलत होते,
कारण समोर म्हातारी बाई होती
आणि माझ्या स्क्रीनवर आकडे होते,
आणि कुणाचं पितळ उघडं पाडायला
पगार मिळत असला तरी
मंगळवारी सकाळी जीव होत नाही.

"सांग की गं," त्या म्हणाल्या.
"आत काय आहे ते मला ठाऊक आहे.
विल्फ मुलामा देणाऱ्या खात्यातच होता, एकोणचाळीस वर्षं.
ही त्यानेच टाकीत बुडवली.
किटली कंपनीची. चांदी तेवढी त्याची.
ती किती उरली, एवढंच बघ."

मग मी पोटावर टेकवली. एकवीस मायक्रॉन.
झाकणावर सतरा.
मुठीजवळ, जिथे अंगठा येतो, चार.
तोटीखाली काहीच नाही,
तिथे ते पिवळसर, उघडं, शांत.
दर रविवारी पॉलिश करते, त्या म्हणाल्या,
आणि कापडाला काळं लागतं ते
तोच जातोय थोडाथोडा,
हे कळायला मला फार वर्षं लागली.

मी आकडे एका पावतीच्या मागे लिहून दिले.
त्यांनी ते घडी करून
किटलीच्या आत टाकले, झाकण लावलं.

गळ्यातल्या वाट्यांवर
ही बंदूक मी अजून धरलेली नाही.

जाता जाता विचारलं, हिच्यात चहा करता का?
"छे! एकदा केला होता.
धातूची चव लागते."
कुठल्या, ते मी विचारलं नाही.