मोड

आमची पतपेढी म्हणजे एकच खोली, शेटिकाँच्या धक्क्यासमोर.
वारा असला की दार आपणहून उघडतं,
आम्ही माना वर करतो, कुणीच नसतं.
त्या दिवशी ओडेट होती.

"ठेव मोडायची आहे," म्हणाली, हातमोजे न काढता.
पहिली मोडली पायऱ्यांवर उतार बांधायला,
बापाची खुर्ची बर्फात रुतायची म्हणून.
दुसरी कानातल्या यंत्रासाठी.
ते त्याने सूपात बुडवलं.
तिसरी पुन्हा कानातल्या यंत्रासाठी.
मग रात्री बसणाऱ्या बाईसाठी,
मग बाईच मिळेना
तेव्हा मासळीच्या कारखान्यातली पाळी सोडली तिने.
आता नुसतं काढणं. भरणा नाही.

मी विचारते, रकानाच आहे तसा:
मुदतीआधी काढण्याचं कारण?
"लिही, बाबा."
मी 'घरगुती' लिहिते
आणि कर कापून घेते. ते माझ्या हातून होतं.

भाऊ आल्बर्टात असतो.
नाताळला संत्र्यांची पेटी पाठवतो.
संत्री गोड असतात, खोटं कशाला बोला.

मार्चमध्ये ती त्यालाच घेऊन आली,
ठेवणार कुणापाशी?
आल्सीड शियासाँ. चाळीस वर्षं शेवंडं काढली समुद्रातून,
मांडीवर बिस्किटांचा डबा.
काउंटरवर उपडा केला:
तांबडे सेंट, बंद होऊन जमाना झालेले,
सगळी मोडच.
"मुलीच्या नावाने खातं काढायचंय," मला म्हणाला.
"सात वर्षांची आहे. हात फार सढळ तिचा.
म्हातारी होईस्तोवर हात लावू देऊ नका."

मागे ओडेट, एकोणसाठ वर्षांची,
खुर्चीच्या मुठी धरून.
बुटांवरचं बर्फ वितळून फरशीवर ओघळत होतं.

मी मोजले. रांग नव्हती.
असती तरी मोजले असते.
अकराशे बेचाळीस.
अकरा डॉलर, बेचाळीस सेंट.
पावतीवर शिक्का मारला, जरा जास्तच जोरात.
त्याने ती लांब धरून वाचली,
न वळता खांद्यावरून मागे दिली:
"ह्या बाईंकडे असू दे.
पैशाच्या बाबतीत चोख आहेत."

ओडेटने घडी करून ठेवली.
मग तिची चिठ्ठी सरकवली माझ्याकडे, दोन हजारांची.
मी दोन्ही नोंदी केल्या,
एकच तारीख, एकाखाली एक.

दाराशी त्याने खुर्ची थांबवायला लावली.
"डबा राहिला," म्हणाला.
"झाकणासकट द्या."