कंसातले आवाज

नाशिक, तांबट आळी. व्हिडिओ सहा मिनिटं अकरा सेकंद.
खालच्या अक्षरांचं काम माझ्याकडे.
यंत्रानं आधीच लिहून ठेवलेलं:
[टाळ्या]
पुन्हा [टाळ्या].
मग नुसत्याच [टाळ्या], दीड मिनिट.

रंगनाथअण्णांनी स्क्रीन डोळ्यांशी धरला.
त्रेचाळीस वर्षं तांब्यावर ठोके घालून
कान कधीच गेलेले त्यांचे.
"माझ्या दुकानात टाळ्या कोण वाजवतंय गं?"
आणि इतके हसले की बशीतला चहा सांडला.

मी खोडलं. लिहिलं: [हातोडीचा आवाज].
मान हलवली त्यांनी. कुठल्या हातोडीचा?
मग टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं:
हा बुडाचा, बसका.
हा काठाचा, इथं तांबं चिडतं.
हा घंगाळ भट्टीतून काढल्या काढल्या, मऊ, जवळजवळ मुकाच.
आणि हे मठारकाम, बारीक, पोरगं पायऱ्या उतरतं तसं.
मी टेबलाला तळहात लावून
कंस भरत गेले.

पाचव्या मिनिटाला अण्णा हात पुसतात, पाणी पितात.
तिथं मी जागा मोकळी सोडलेली.
"इथं लिही, टोकावरच्या केरूचा ठोका."
काही नाही हो तिथं, मी खुणेनं सांगितलं.
"मागं घड्याळ बघ. चार वाजलेत. म्हणजे आहे."

रात्री हेडफोन लावून तेवढाच तुकडा
तीनदा मागे नेला.
पाण्याच्या घोटामागे,
भद्रकालीकडे वळणाऱ्या रिक्षाच्या हॉर्नमागे

[ठोका. लांबून.]