डोईमागे

फेब्रुवारीतला तिसरा मंगळवार. उणे एकतीस.
सुपीरियर सरोवराच्या उत्तरेला, पाइक बेच्या अग्निशमन केंद्रात
बंब मागे सारून लांब टेबल मांडलंय.
मी टोकाला. इतिवृत्त लिहिते:
कोण आलं, कोणी मांडलं, कोणी अनुमोदन दिलं.
कोण खोकलं, ते लिहायचं नसतं.

पाच गावांच्या पाच परिषदा, मिळून एक आरोग्य मंडळ.
पाच एकत्र बसले की पंचायत होते
आणि तासाभराने पंचाईत.
पदरी दोन परिचारिका,
पाण्याचा एक तपासनीस, तोही अर्धवेळ,
आणि एकशे तीस किलोमीटर रस्ता,
ज्याच्यावर पहिला हक्क मूसचा.

खर्चाची वाटणी डोईमागे.
डोकी मोजा, डॉलर लावा. साधा हिशोब.
पण डोक्यांची खोड अशी,
मोजून होईपर्यंत ती थांबत नाहीत.
सेंत-एल्वाची खाण बंद पडली, दोनशे दक्षिणेला गेली,
मागे राहिलेल्यांच्या माथी त्यांचाही वाटा आला.
डोईजड म्हणतात ते हेच.

विषय क्रमांक चार:
डोईमागे आणखी दीड डॉलर.
म्हणजे डोरोथीआची गाडी वर्षभर फिरेल,
लसींची निळी पेटी आणि बाळं तोलायचा काटा घेऊन.
मी मांडते, हिल्का कोर्पेला म्हणाली.
ऑरेल ब्रिजबुआने अनुमोदन दिलं
आणि चष्मा पुसत बसला, बराच वेळ.

डर्मॉट क्विल्टी उठला. ग्रॅनाइट लँडिंगचा.
"आमच्या शाळेला कुलूप लागून सहा वर्षं झाली.
गावात सगळ्यात धाकटा मी, आणि मी एकसष्टचा.
तुमची बाळं तोलायचे पैसे आम्ही का भरायचे?"
कोणी हसलं नाही.
खरं तर त्याचं काही चुकतही नव्हतं.

मग तपासनीसाने बाटल्यांचा अहवाल वाचला.
लोक आपापल्या विहिरीचं पाणी आणून देतात, झाकणावर नाव लिहून.
जानेवारीत तीन बाटल्या वाईट निघाल्या.
तीन गावांतल्या तीन,
एकाच ओढ्याच्या काठच्या.
त्या ओढ्याला हद्दी ठाऊक नाहीत,
तो सभेला येत नाही, वर्गणी देत नाही,
बर्फाखालून आपला चालत असतो.
हे मी लिहिलं नाही.
लिहिलं: अहवाल स्वीकारला.

मतं पडली. तीन विरुद्ध दोन. मंजूर.
डर्मॉटचा विरोधातला हात ताठ वर होता,
वर्गात एकट्यालाच उत्तर येत असलेल्या पोरासारखा.

नऊ वाजून दहा मिनिटांनी सभा संपली.
बाहेर डोरोथीआची गाडी सुरू होईना.
ती आत आली, कोणाला काही बोलली नाही,
लस गोठू नये म्हणून पेटी कोटात गुंडाळून
बंबाच्या पायरीवर बसून राहिली.
सकाळी तिला सेंत-एल्वाला चार बाळं होती.

डर्मॉट न सांगता बाहेर गेला.
ट्रक वळवून आणला, हातमोजे दातांनी ओढून काढले,
उघड्या बोटांनी तारा जोडल्या.
तिसऱ्या खेपेला इंजिनाने धरलं.
"पुढच्या वर्षीही मी नाहीच म्हणणार," तो म्हणाला.
"ठाऊक आहे," ती म्हणाली.
"तुझं बी.पी. बघायचं राहिलंय. गुरुवारी येते."

गुरुवारी. ग्रॅनाइट लँडिंगला.
रस्त्याच्या पार शेवटाला.

घरी येऊन मी इतिवृत्त पक्कं केलं, शाईने.
खाली लोकसंख्येचा तक्ता जोडायचा असतो.
पाइक बे, सेंत-एल्वा, मग बाकीची दोन.
ग्रॅनाइट लँडिंगपाशी थांबले.
म्हातारा हार्वी लूमिस दहा दिवस इस्पितळात आहे.
एकशे चौदा, मी लिहिलं.
पेन्सिलीने.