लाईट गेली की

श्रीशैल नऊ महिन्यांचा होता
पुष्पाला छातीच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा.
दवाखाना, मग माहेर, मग परत दवाखाना.
मी त्याची अत्ता. मांडीवर सूप,
हजार विड्या झाल्याशिवाय हात मोकळा नाही.
झोळी बांधली मागाशेजारी.
खटाखट, खटाखट. झोपायचा.

आठ दिवस दाराकडं बघून रडला.
मग नाही.
साखर पेठेतल्या बाया म्हणायच्या,
किती शहाणं लेकरू.
मीही म्हणायचे.

बालवाडीत पडला, गुडघा फुटला,
बाईंकडं गेला नाही.
भिंतीशी जाऊन शर्टानं रक्त पुसलं.
खिशात भाकरीचा तुकडा असतो कायम,
वाळून कडक झालेला.

तीन वर्षांनी पुष्पा आली, लाल मोटार घेऊन.
त्यानं मोटार घेतली, तांब्याभर पाणी दिलं
आणि विचारलं,
तुमची एष्टी किती वाजता?

आता तिच्याजवळ निजतो.
निजतो म्हणजे पडून राहतो, अंग ताठ.

काल रात्री लाईट गेली.
माग थांबले. हा दचकून उठला,
ओरडला, झोळीचा रिकामा हूक चाचपू लागला.
पुष्पानं ओढून घेतलं नाही.
अंधारात बसून
जिभेनं टाळ्याला लावत राहिली
खटाखट, खटाखट,
मधेच खोकत,
लाईट येईपर्यंत.