नऊ

उद्यमनगरात पॉवर प्रेसनं
माझी डावी करंगळी खाल्ली, चौऱ्याऐंशी साली.
आता त्याच हातावर रेवू आकडे शिकते.

सून सातच्या शिफ्टला गेली की
आम्ही दोघं गंगावेशीत, कट्ट्यावर.
म्हशीची धार पेल्यात वाजते,
ती माझं एकेक बोट दुमडते.
एक, दोन, तीन…
नऊ. संपलं.

काल बालवाडीच्या बाईंनी थांबवलं,
"आजोबा, हिला दहा येतच नाही हो.
नवावर अडते."
मी हात खिशात घातला.

परतताना रंकाळ्यावर
रेवूनं तो ओढून बाहेर काढला,
उलटासुलटा बघितला,
आणि मोकळ्या जागी
आपली करंगळी टेकवली.
"दहा."
मग जरा विचार करून,
"घरी गेल्यावर परत द्यायची हं."